वाचकांचे प्रश्न : दोन टेस्ट खेळलेला बॉलर बुमराला काय शिकवणार?

मागच्या अंकात पारस म्हांब्रेबद्दल थोडं लिहिलं होतं, मुंबईचा फास्ट बॉलर ते २०२४ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलेल्या भारतीय संघाचा बॉलिंग कोच, एवढाच विषय होता. पण त्यावर इतके प्रश्न आले की हा सगळा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापत नाही, फक्त गाव दिलंय.

प्रश्न (डोंबिवली) : सर, रागावू नका पण स्पष्ट विचारतो. म्हांब्रे टेस्ट खेळला दोन आणि विकेट काढल्या दोन. समोर बुमरा, शमी, सिराज. अशांना तो काय शिकवणार? का आपला मुंबईचा माणूस म्हणून कौतुक चाललंय?

राग कसला, सगळ्यात जास्त जणांनी हेच विचारलंय. आकडे बरोबर आहेत तुमचे. १९९६ चा इंग्लंड दौरा, अझरुद्दीन कॅप्टन, एजबॅस्टनची पहिली टेस्ट आपण आठ विकेटनी हरलो, त्या टेस्टला म्हांब्रे, वेंकटेश प्रसाद, सुनील जोशी आणि विक्रम राठोड असे चौघं एकदम पदार्पण करत होते. दुसरी टेस्ट लॉर्ड्सला, जी सगळ्यांना गांगुलीच्या १३१ आणि द्रविडच्या ९५ साठी आठवते, त्यातही म्हांब्रे खेळला हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. तिसऱ्या टेस्टला बाहेर बसला आणि परत कधी टेस्ट मिळाली नाही. वनडे तीन, विकेट तीन. झालं इंटरनॅशनल करिअर.

पण जरा पुढे बघा. राठोड त्याच टेस्टला सुरू झाला, द्रविड त्याच्या पुढच्या टेस्टला, आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून हेच तिघं भारताच्या ड्रेसिंग रूममध्ये परत एकत्र होते, द्रविड हेड कोच, राठोड बॅटिंग कोच, म्हांब्रे बॉलिंग कोच. २९ जून २०२४ ला ब्रिजटाऊनमध्ये वर्ल्ड कप हातात आला तेव्हा त्या ९६ च्या दौऱ्यातले हे तिघं तिथे होते. त्यातल्या द्रविडच्या टेस्ट दीडशेच्या वर, राठोडच्या सहा, म्हांब्रेच्या दोन. कोच म्हणून तिघांनाही तिथे जागा होती आणि मला वाटतं ती तिघांनी कमावलेली होती.

आणि हे म्हांब्रेपुरतं नाही हो. त्याच्या आधी ज्याच्या हाताखाली आपला फास्ट बॉलिंगचा ताफा जगातल्या सगळ्यात भारी ताफ्यांमध्ये गणला जायला लागला तो भरत अरुण, त्याच्या टेस्ट किती? दोनच, श्रीलंकेविरुद्ध, १९८६-८७ च्या सीझनला. अरुण कोच असताना आपण ऑस्ट्रेलियात दोनदा सिरीज जिंकलो, आणि दुसऱ्या वेळी ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर तर बुमरा नाही, शमी नाही, ईशांत नाही, उमेश नाही, सिराज, शार्दूल, सैनी, नटराजन असल्या नवख्या पोरांना घेऊन. चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशन १९८७ ला सुरू झालं, तिथे ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीच्या जोडीला वर्षानुवर्षं उभे राहिलेले टी. ए. शेखर, त्यांच्याही टेस्ट दोनच. इंग्लंडने २००५ ची ॲशेस, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धची टेस्ट सिरीज, जिंकली तेव्हाचा त्यांचा बॉलिंग कोच ट्रॉय कूली तर एकही टेस्ट खेळलेला नाही, तो टास्मानियाचा डोमेस्टिक बॉलर.

आता यामागचं कारण मला काय वाटतं ते सांगतो. म्हांब्रेच्या फर्स्ट क्लास मॅच आहेत ९१ आणि विकेट २८४, सरासरी चोवीसच्या आसपास. तुफान वेग त्याच्याकडे नव्हता. म्हणजे या २८४ विकेट त्याने आपल्याकडच्या पिचवर, जिथे तिसऱ्या दिवशी बॉल स्पिनरच्या हातात जातो आणि फास्ट बॉलरला फाइन लेगला उभं करतात, तिथे डोकं लावून काढलेल्या आहेत. पावसाळ्यात मुंबईतल्या कांगा लीगच्या ओल्या विकेटवर बॉल आपोआप हलतो, दिवाळीनंतर तीच विकेट वाळते आणि सीमवर, म्हणजे बॉलच्या शिवणीवर, काही मिळत नाही, मग क्रीझचा कोपरा वापरायचा, लेंथ म्हणजे बॉलचा टप्पा अर्धा यार्ड मागे घ्यायचा, एका बॅट्समनसाठी चार ओव्हर सापळा लावायचा. असल्या बॉलरला प्रत्येक गोष्ट शिकून घ्यावी लागते, आणि जे शिकून घेतलंय ते दुसऱ्याला समजावता येतं. ज्याला देवाने मनगटच तसं दिलंय त्याला ‘तू हे कसं करतोस’ विचारलं तर बरेचदा त्यालाही सांगता येत नाही.

बुमराला यॉर्कर शिकवायला कुणी जात नाही. त्याची ॲक्शन तर अशी की पुस्तकी कोचने लहानपणीच बदलायला घेतली असती, छोटा रनअप, पुढचा हात सरळ ताठ. ती बदलली गेली नाही हे आपलं नशीब. त्याच्यासाठी कोचने करायचं काम वेगळं असतं, आज किती ओव्हर टाकायच्या, नेटमध्ये किती बॉलनंतर थांबायचं, दमल्यावर पुढचा पाय कुठे पडायला लागलाय, डोकं डाव्या बाजूला कलतंय का, समोरच्या टीममधल्या कुणाला राउंड द विकेट जायचं. हे सगळं बघायला टेस्ट विकेट लागत नाहीत, नजर लागते, आणि बॉलरचा विश्वास लागतो की हा माणूस बोलतोय ते माझ्या भल्याचं बोलतोय.

प्रश्न (कोल्हापूर) : मग इतका चांगला होता तर दोनच टेस्ट का? अन्याय झाला का?

अन्याय म्हणणार नाही. वेळ वाईट होती असं म्हणेन. त्याच सिरीजमध्ये वेंकटेश प्रसादने तीन टेस्टमध्ये १५ विकेट घेतल्या आणि श्रीनाथच्या जोडीला तो पक्का झाला. परत आल्यावर घरच्या टेस्ट, म्हणजे कुंबळे आणि त्याच्या जोडीला अजून एक-दोन स्पिनर, फास्ट बॉलरच्या जागा दोन, त्या भरलेल्या. मग वर्ष-दोन वर्षांत डेव्हिड जॉन्सन, दोड्डा गणेश, ॲबी कुरुविला, देबाशिष मोहंती, हरविंदर, आगरकर अशी रांगच लागली, प्रत्येकाला थोडं थोडं खेळवून बघितलं. त्या काळात तिसरा सीमर म्हणून टिकणं फार अवघड होतं.

आणि एक सांगू का, आपल्या महाराष्ट्राचे पांडुरंग साळगावकर, ज्यांच्या वेगाबद्दल जुने खेळाडू आजही बोलतात, त्यांना एकही टेस्ट मिळाली नाही. तेव्हा स्पिनचा जमाना, फास्ट बॉलर म्हणजे नव्या बॉलची चमक घालवायला दोन-तीन ओव्हर. त्याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हांब्रेपेक्षा जास्त.

प्रश्न (बारामती) : बॉलिंग कोच नेमकं करतो काय? मॅचमध्ये तर तो नुसता डगआउटमध्ये बसलेला दिसतो. आणि २०२४ चा वर्ल्ड कप बुमराने जिंकून दिला, कोचने काय केलं?

बुमराने तर दिलाच, १५ विकेट आणि ओव्हरला ४.१७ रन, टी-ट्वेंटीत हे म्हणजे कमालच आहे, मॅन ऑफ द टूर्नामेंट उगाच नाही. पण त्या स्पर्धेत आपल्याकडून सगळ्यात जास्त विकेट कुणाच्या, तर अर्शदीपच्या, १७. कोचिंग म्हणजे काय हे मला अर्शदीपच्या गोष्टीत सगळ्यात चांगलं दिसतं म्हणून जरा मागे जातो.

२०१८ चा अंडर-१९ वर्ल्ड कप, न्यूझीलंड. हेड कोच द्रविड, बॉलिंग कोच म्हांब्रे. पृथ्वी शॉ कॅप्टन, शुभमन गिल टीममध्ये, ३ फेब्रुवारीला माउंट माँगनुईला ऑस्ट्रेलियाला आठ विकेटनी हरवून कप जिंकला. त्या टीममधल्या कमलेश नागरकोटी आणि शिवम मावीचा वेग बघून सगळं जग चाट पडलं होतं, ताशी १४५ किलोमीटरच्या वर टाकत होते पोरं, आपल्याकडे अठरा-एकोणीस वर्षांची मुलं असं टाकतात ही सवयच नव्हती कुणाला. तिसरा ईशान पोरेल. अर्शदीप त्या टीममध्ये होता पण मोजक्या मॅच मिळाल्या, त्याच्याबद्दल फार कुणी बोललं नाही. पुढे काय झालं बघा. आयपीएलच्या लिलावात नागरकोटी आणि मावीला कोट्यवधी मिळाले, पण नागरकोटीला दुखापतींनी गाठलं, २०१८ आणि २०१९ चे दोन्ही आयपीएल सीझन बाहेर बसून गेले, मावीलाही दुखापतींनी सोडलं नाही. या मुलांची मेहनत कमी पडली असं अजिबात नाही, शरीर तयार व्हायच्या आधी वेग आला की असं होऊ शकतं, आणि ते बघताना जीव तुटतो. अर्शदीप तोपर्यंत पंजाबकडून खेळत, नवा बॉल आत आणणं, शेवटच्या ओव्हरला वाइड यॉर्कर, हे एकेक जोडत गेला.

सहा वर्षांनी ब्रिजटाऊनला फायनल. आपले १७६, साउथ आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० हवे होते, क्लासेन आणि मिलर खेळत होते, घरोघरी टीव्ही बंद करायची वेळ आली होती. हार्दिकने क्लासेनला काढला, अठराव्या ओव्हरला बुमराने दोन रन दिले आणि यान्सनचा दांडा उडवला, आणि एकोणिसावी ओव्हर टाकायला आला अर्शदीप. चार रन. शेवटच्या ओव्हरला १६ उरले, हार्दिकने टाकली, सूर्याने तो कॅच घेतला, सात रनने जिंकलो. एकोणिसाव्या ओव्हरची ती चार रन मला त्या सूर्याच्या कॅचइतकीच मोठी वाटतात, आणि बाउंड्रीच्या बाहेर उभा असलेला बॉलिंग कोच त्या मुलाला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापासून ओळखत होता. वरच्या पातळीवर कोचचं निम्मं काम हेच असतं, कोणत्या मुलावर प्रेशर आलं की तो कुठला बॉल विसरतो आणि त्याला काय बोललं की तो परत येतो, हे माहीत असणं.

बाकीचं काम रोजचं आणि कंटाळवाणं आहे. प्रत्येकाने नेटमध्ये किती बॉल टाकले त्याची नोंद, आदल्या आठवड्यापेक्षा अचानक वाढले तर थांबवणं, फिजिओ आणि ट्रेनरबरोबर बसणं, ॲनालिस्टकडून बॅट्समनचे व्हिडिओ घेऊन त्यातून तीनच गोष्टी निवडणं कारण बॉलरच्या डोक्यात मॅचमध्ये दहा गोष्टी राहत नाहीत, पिचवर जाऊन लेंथ ठरवणं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आशिया कप फायनलला सिराजने २१ रनमध्ये ६ काढले, श्रीलंका ५० ऑलआउट, मग जानेवारीत केपटाऊनला त्यानेच १५ रनमध्ये ६ काढून साउथ आफ्रिकेला ५५ मध्ये गुंडाळलं, ती टेस्ट ६४२ बॉलमध्ये संपली, निकाल लागलेली इतिहासातली सगळ्यात छोटी टेस्ट. आणि त्या दोन्हीच्या मधे वर्ल्ड कपला शमीने सात मॅचमध्ये २४ विकेट घेतल्या, पहिल्या चार मॅच बाहेर बसून. चार मॅच पाणी नेणारा सीनियर बॉलर पाचव्या मॅचला येऊन पहिल्याच बॉलला विकेट काढतो, म्हणजे त्या चार मॅच त्याला कुणीतरी नेटमध्ये धारदार ठेवलेलं असतं. स्कोअरकार्डवर त्याची नोंद नसते.

हरणंही आहे त्यात. २०२० च्या अंडर-१९ वर्ल्ड कपला म्हांब्रे हेड कोच होता, फायनलपर्यंत एकही मॅच न हरता गेलो आणि पॉचेफस्ट्रूमला बांगलादेशकडून हरलो. २०२३ च्या १९ नोव्हेंबरला वनडे वर्ल्ड कपची फायनल हरलो, त्याबद्दल तर लिहवतच नाही.

प्रश्न (अहिल्यानगर जिल्हा) : आमच्या श्रीरामपूरच्या झहीर खानला सोडून तुम्ही म्हांब्रेवर लिहिताय! एवढा मोठा बॉलर, तो कोच म्हणून जास्त उपयोगी नाही का?

झहीरला सोडणार कसं. ९२ टेस्ट, ३११ विकेट, २०११ च्या वर्ल्ड कपला २१ विकेट, पाकिस्तानच्या आफ्रिदीच्या बरोबरीने सगळ्यात जास्त. आणि झहीर हा मी वर जे म्हटलं त्याला चांगला अपवाद आहे, म्हणजे मोठा बॉलर असूनही शिकवता येणारा, कारण त्यालाही स्वतःला मोडून परत उभं करावं लागलं. २००५-०६ च्या सुमाराला टीमबाहेर गेला, २००६ ला इंग्लंडमध्ये वुस्टरशायरला काउंटी खेळायला गेला, ७८ विकेट घेतल्या, रनअप छोटा केला, उडी कमी केली, वेग थोडा सोडला आणि कंट्रोल मिळवला. पुढच्या वर्षी इंग्लंडविरुद्ध ट्रेंटब्रिजला नऊ विकेट घेऊन टेस्ट जिंकून दिली, ती सिरीज आपण जिंकलो. रिव्हर्स, म्हणजे जुन्या बॉलचा उलटा स्विंग, टाकताना बॉल हाताने झाकून धावणं, २०११ ला वापरलेला नकल बॉल, म्हणजे बोटांच्या पेरांवर धरून टाकलेला स्लो बॉल, हे सगळं त्याने पुढच्या बॉलर्सना उघड करून दिलं. मिडऑफला उभा राहून तरुण बॉलरशी बोलणारा झहीर आठवा, खेळता खेळताच तो कोच झाला होता. पुढे मुंबई इंडियन्समध्ये डायरेक्टर म्हणून, मग लखनौचा मेंटर म्हणून काम केलं.

फक्त मेंटर वेगळा आणि वर्षाचे दहा महिने मुलांबरोबर मैदानात उभा राहणारा कोच वेगळा. आयपीएलचे दोन महिने सल्ला देणं महत्त्वाचंच आहे, पण अठरा वर्षांच्या मुलाची ॲक्शन दुरुस्त करायला अख्खा ऑफ सीझन लागतो, तो वेळ द्यायला कोण तयार आहे हा प्रश्न आहे. म्हांब्रेने मुंबईला २००२-०३ ची रणजी कॅप्टन म्हणून जिंकून दिली, आणि तेहतीस-चौतिसाव्या वर्षी तो बंगालचा कोच होता, लागोपाठ दोन वर्षं बंगालला रणजी फायनलला नेलं, दुसरी फायनल तर वानखेडेवर, समोर त्याचीच मुंबई. हरले, पण त्या सीझनला बंगालच्या रणदेब बोसने ५७ विकेट घेतल्या, देशात सगळ्यात जास्त. रणदेब म्हणजे उंच, वेग बेताचा, लाइन-लेंथ आणि सीम, अगदी ज्या पद्धतीची बॉलिंग म्हांब्रेला आतून माहीत होती तशीच. मग इतर राज्यं, भारत अ, अंडर-१९, तिथून सीनियर टीम. पंधरा-सोळा वर्षं तो रांगेत उभा होता, आणि यातलं काहीही टीव्हीवर दिसत नव्हतं.

प्रश्न (अमरावती) : विदर्भातून फास्ट बॉलर यायला लागले त्याचं श्रेय कुणाला?

आधी मुलांना. उमेश यादव, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा, लेदर बॉल बऱ्याच उशिरा हातात आला आणि तरी ५७ टेस्टमध्ये १७० विकेट. पण एक नाव घ्यायलाच हवं, सुब्रतो बॅनर्जी. टेस्ट एकच, १९९२ ची सिडनी, ज्या टेस्टला शेन वॉर्नने पदार्पण केलं तीच, त्यात तीन विकेट घेतल्या आणि परत कधी खेळला नाही. तोच पुढे उमेशच्या मागे उभा राहिला, आणि २०१७-१८ ला विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा कोच चंद्रकांत पंडित यांच्याबरोबर बॉलिंगचं बघणारा तोच. रजनीश गुरबानीने सेमीफायनलला कर्नाटकच्या १२ विकेट काढल्या, पाच रनने मॅच जिंकली आणि फायनलला दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक. एका टेस्टचा माणूस, बघा.

प्रश्न (नाशिक, एका आईचा) : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, वेगात टाकतो, सगळे कौतुक करतात. शाळेची टीम, क्लब आणि अकादमी तिन्हीकडे खेळतो, आठवड्यात एखादाच दिवस मोकळा. दोन महिन्यांपासून कमरेत डाव्या बाजूला दुखतंय, बॉलिंग केल्यावर वाढतं. अकादमीतले सर म्हणतात स्नायू आहे, टाकत राहिला की सुटेल. काय करू?

ताई, हा कॉलम हातात पडेल त्या दिवसापासून बॉलिंग बंद करा. बॅटिंग-फिल्डिंगचंही डॉक्टर सांगतील तेव्हाच बघू. स्पोर्ट्स इंज्युरी बघणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे न्या आणि त्यांना स्पष्ट सांगा की मुलगा फास्ट बॉलर आहे, आठवड्यात इतके दिवस टाकतो, कोणत्या हाताने टाकतो आणि दुखतं कोणत्या बाजूला. उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलाच्या कमरेत डाव्या बाजूला दुखणं, आणि बॉलिंगने किंवा मागे वाकल्यावर ते वाढणं, हे मणक्याच्या हाडाला बारीक चीर पडायला लागल्याचं लक्षण असू शकतं, स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात त्याला. साध्या एक्स-रेमध्ये ते सुरुवातीला बरेचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. काही नसेल तर उत्तमच, पण तपासल्याशिवाय टाकायचं नाही.

मी इतकं ठासून का सांगतोय ते सांगतो. बॉल सोडताना पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहून जास्त जोर पायातून कमरेपर्यंत जातो, आणि त्याच क्षणी पाठ मागे आणि बाजूला वाकलेली, वळत असते. मोठ्या माणसाचं हाड हे सोसू शकतं, तेही दरवेळी नाही. चौदाव्या वर्षी उंची झपाट्याने वाढत असते, हाड अजून कच्चं असतं, कमरेचं हाड पूर्ण घट्ट व्हायला विशी उलटावी लागते. तार सारखी एकाच जागी वाकवली की जशी तुटते तसं होतं हे, एका बॉलने नाही होत, हजारो बॉलनी होतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लवकर सापडलं तर काही महिने विश्रांती, मग हळूहळू व्यायाम आणि मुलगा परत पूर्ण वेगाने टाकू शकतो. दुखणं दाबून टाकत राहिला तर दोन्ही बाजूंना चीर जाऊ शकते आणि मग मामला अवघड होतो.

घाबरवायला सांगत नाहीये. लिलीसारख्या लिलीला १९७३ ला पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं, वर्षाहून जास्त बाहेर होता, आणि परत आला तो जगातला सगळ्यात मोठा फास्ट बॉलर होऊन, नंतर आपल्याच चेन्नईत पंचवीस वर्षं मुलांना शिकवत राहिला. बुमराला २०१९ ला पाठीने त्रास दिला, २०२३ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडला ऑपरेशन झालं, ऑगस्टमध्ये परत आला आणि पुढच्या वर्षी वर्ल्ड कप जिंकला. परत येता येतं, फक्त थांबायच्या वेळी थांबलं पाहिजे.

परत सुरू करेल तेव्हा एक वही घाला. शाळा, क्लब, अकादमी तिन्हीकडचे बॉल एकाच वहीत, नेटमधलेसुद्धा, कारण प्रत्येक सर आपापल्याकडचेच मोजतात आणि मुलाची कंबर मात्र एकच आहे. लागोपाठ दोन दिवस टाकू देऊ नका. आठवड्याचा आकडा एकदम दुप्पट होऊ देऊ नका, परीक्षेनंतर नेमकं हेच होतं, महिनाभर काही नाही आणि मग एकदम रोज. वर्षात सलग काही आठवडे बॉलिंगला पूर्ण सुट्टी, त्या वेळात पोहू दे, फुटबॉल खेळू दे. आणि एखाद्या चांगल्या कोचकडून ॲक्शनचा व्हिडिओ बघून घ्या, साइडने आणि मागून, खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला अशी मिक्स ॲक्शन असेल तर ती या वयात बदलायलाच हवी, नंतर फार जड जातं. साइड-ऑन म्हणजे बॅट्समनकडे खांदा करून टाकणं चालतं, फ्रंट-ऑन म्हणजे छाती समोर करून टाकणं चालतं, त्याची भेसळ नको.

राहिले अकादमीतले सर. भांडू नका, डॉक्टरांचा कागद दाखवा. तरीही म्हणाले टाकत राहा, तर अकादमी बदला. यात मी दुसरं काही सांगणार नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : मी जिल्ह्याकडून खेळलोय, मीडियम पेस, वय ३१, आता पुढे चान्स नाही हे कळलंय. कोच व्हायचंय. फार खेळलो नसल्याने कुणी घेईल का?

वरची सगळी उत्तरं वाचलीत ना? मग खेळलो नाही हे मनातून काढा. बीसीसीआयचे कोचिंगचे कोर्स आहेत, लेव्हल वन, टू, थ्री असे, बंगळुरूच्या क्रिकेट अकादमीकडून चालतात, हल्ली त्याला सेंटर ऑफ एक्सलन्स म्हणतात. म्हांब्रेने लेव्हल थ्रीपर्यंत सगळं केलंय, टेस्ट क्रिकेटर असूनही परीक्षा दिल्यात. तुम्ही रत्नागिरीचे म्हणजे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येता, पुण्याला, तर जिल्हा असोसिएशनमार्फत तिथे विचारा, लेव्हल वनची बॅच कधी आणि खेळण्याची अट काय ते तेच नक्की सांगतील.

तोपर्यंत थांबून राहू नका. जवळच्या शाळेत जाऊन संध्याकाळी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना घ्या, पैशाचं नंतर बघू. सुरुवातीला त्यांना वेगात टाका असं सांगूच नका, सरळ धावणं, नीट उडी, डोकं स्थिर, सीम उभी, एवढंच. मोबाइलवर प्रत्येकाची ॲक्शन दर दोन महिन्यांनी शूट करून ठेवा, तारीख घालून. व्यायामाचं आणि दुखापतीचं वाचा, मुलीही बॉलिंग करायला येतील त्यांना वेगळं काढू नका, आणि कोकणात पाऊस चार महिने असतो तेव्हा हॉलमध्ये टेनिस बॉलवर मनगटाचं काम होऊ शकतं. आणि वर नाशिकच्या ताईंना जी वही सांगितली ती तुमच्याकडे प्रत्येक मुलाच्या नावाची हवी, पहिल्या दिवसापासून. कोर्सला जाल तेव्हा ती बरोबर न्या.